शेंदऱ्याचा रस

"कोणाला विचारून चूल पेटवलीत?"

मी फाटकातूनच ओरडलो. मठाच्या मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठा टोप चढला होता. टोपात आंब्याचा रस रटरटत होता. सोमबुवा लांब दांड्याच्या लाकडी डावाने तो ढवळत होते.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"बुवा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"काल दादाचं तेरावं झालं. काल! आणि आज तुम्ही त्याच झाडाच्या आंब्यांचा रस आटवायला बसलात?"

"आंबे पिकले, काशीराम. त्यांना कुणी कळवलं नव्हतं."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अनंता. मठाच्या आवारात रायवळ आंब्याचं एक जुनं झाड आहे. त्याची फळं गालावर शेंदूर फासल्यासारखी लाल होतात, म्हणून सगळी वाडी त्याला शेंदऱ्या म्हणते. दरवर्षी त्यावर दादा चढायचा. यंदाही चढला. आणि पडला.

त्या सकाळी त्याने उतरवलेले कच्चे आंबे बुवांनी खोलीत गवताच्या अढीत घातले होते. आम्ही घरी दादाचे दिवस करत होतो, तोवर ते गवतात पिकत होते.

टोप लाथेने उडवायचा असं ठरवूनच मी घरातून निघालो होतो.

"हा घे." बुवांनी डाव माझ्यापुढे धरला. "हात भरून आला माझा."

"मी ढवळायला आलो नाही!"

"माहीत आहे. लाथ मारायला आलायस. मग आत्ताच मार, अजून पातळ आहे. नाहीतर ढवळ. मधेच सोडलं तर खाली लागेल."

मी डाव का घेतला ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक त्यांच्या डोक्यात घालायला घेतला असेन.

पण रस फटकन उडाला आणि मनगटावर बसला. मी हात झटकला.

"दांडा लांब धर," बुवा म्हणाले. "आणि थांबू नकोस."

मग मी ढवळत ढवळत भांडलो. थांबता येत नव्हतं. थांबलो की रस उसळायचा, चटके बसायचे.

"तेरा दिवसांत तुम्ही आमच्या दारात आला नाहीत."

बुवांनी एक निखारा आत ढकलला.

"सगळी वाडी आली. ज्यांच्याशी आमचं बोलणं नाही ते आले. तुम्ही नाही. आई रोज विचारायची, बुवा आले का? तुमच्या झाडावरून पडला तो! तुमच्यासाठी चढला होता!"

"आलो होतो."

"कधी?"

"तुमच्या कुंपणाच्या गडग्यापर्यंत. तुझ्या आईचा आवाज ऐकला…"

"आणि?"

"परत फिरलो. आत यायला तोंड कुठून आणायचं?"

मी जोरात डाव फिरवला. रस काठावरून निखाऱ्यात सांडला. करपल्याचा गोड वास आला.

"सावकाश."

"सावकाश नाही! काल तात्या गावकर आमच्याकडे जेवले. हात धुऊन सुपारी तोंडात टाकली आणि मला म्हणाले, पोरा, शरीर जातं, आत्मा राहतो. मी म्हटलं, तात्या, मग पुढच्या वर्षी तुमच्या बाळूला चढवा शेंदऱ्यावर. आत्मा राहीलच की."

बुवांच्या दाढीत काहीतरी हललं.

"काय म्हणाले तात्या?"

"चपला शोधायला लागले."

"सापडल्या?"

"एक सापडली. दुसरी मी माडाखाली फेकली होती."

"बरं केलंस."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. मला हसू येईल की काय असं वाटलं, आणि त्याचा आणखी राग आला.

"तुम्हीही सांगून टाका आता. सगळ्यांनी सांगितलंय, तुमचंच राहिलंय. म्हणा, आंबा झाडावरून सुटल्याशिवाय पिकत नाही. म्हणा, रस आटतो तेव्हाच टिकतो. म्हणा ना! मला सगळं पाठ झालंय."

"आंबा सुटल्याशिवाय पिकत नाही, हे खरं आहे," बुवा म्हणाले. "पण ते आंब्याचं."

"मग माणसाचं काय?"

"कडेचा रस खरवडून आत घे. कडेला आधी लागतो."

मी कड खरवडली.

"मी तुमचा शिष्य नाही," मी म्हटलं. "मला काम सांगू नका. शिष्य दादा होता."

"तोही नव्हता. तो झाडावर चढायला यायचा. कीर्तनाला बसवला की झोपायचा."

"खोटं!"

"घोरायचा."

ते खरं होतं. दादा बसल्या जागी घोरायचा. घरीही. आई पापड लाटायला बसवायची तेव्हाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चुलीचा धूर होताच. मी धुराच्या बाजूला सरकलो.

"ते झाड तोडा," मी म्हटलं.

बुवांनी चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं.

"ऐकलं का? तोडा ते. नाहीतर मी तोडतो. कुऱ्हाड कुठे आहे?"

"झाडापाशीच."

मी मान वळवली. शेंदऱ्याच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकून ठेवली होती. बुंध्यावर दोन घाव होते. ताजे. त्यांतून चीक ओघळून वाळला होता. घाव फार खोल नव्हते. म्हाताऱ्या हाताचे होते.

"कोणी घातले?"

"मीच. त्याच दिवशी. तुम्ही त्याला घेऊन गेलात, त्यानंतर."

"मग सोडलं का?"

"हात भरून आला."

मघाशी डाव देताना ते हेच म्हणाले होते.

मी पुन्हा टोपात बघितलं. रस दाटला होता. बुवांनी डावातून एक थेंब थाळीच्या पाठीवर पाडला आणि थाळी तिरकी केली. थेंब ओघळला नाही.

"झाला," ते म्हणाले. "उतरवू या. त्या बाजूने धर."

आणि मी धरलं! ज्या टोपाला लाथ मारायला आलो होतो, त्याचा कान फडक्याने धरून मी तो खाली उतरवला. माझाच मला इतका राग आला की दात कराकरा वाजले.

ओट्यावर धुतलेल्या बाटल्यांची रांग उन्हात वाळत होती.

मठाची ही रीत जुनी आहे. आंब्याच्या दिवसांत वाडीतलं प्रत्येक घर एक रिकामी बाटली मठात आणून ठेवतं. बाटलीच्या गळ्यात आपापल्या घरची चिंधी बांधायची, म्हणजे कोणाची कोणती ते कळतं. बुवा शेंदऱ्याचा रस आटवून सगळ्या बाटल्या भरतात. ती बाटली गौरीच्या दिवशी उघडायची, झाडाला एकही आंबा नसतो तेव्हा. आणि पुढच्या वर्षी रिकामी करून, धुऊन परत आणायची. ज्या घराची रिकामी बाटली येणार नाही, त्या घराला त्या वर्षी रस नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. फक्त रांगेकडे नीट बघायचं सुचलं नव्हतं.

रांगेत सगळ्यात शेवटी आमची बाटली होती.

गळ्यात हिरवी चिंधी. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. आणि त्यावर दादाची गाठ. दादा गाठ मारली की तिच्यावर आणखी एक मारायचा, मग दाताने ओढायचा. आई म्हणायची, मेल्या, सोडायची असते गाठ कधीतरी.

"ही… इथे कशी?"

"त्याने आणली. त्या दिवशी सकाळी."

मी बाटली उचलली. ती उन्हाने गरम झाली होती.

"ही भरू नका."

"रिकामी नेतोस?"

बुवांनी आधी बिनचिंधीची एक बाटली भरली आणि आत नेऊन ठेवली. मग रांगेतल्या एका बाटलीत रस ओतायला सुरुवात केली. मग दुसरीत. काठावर एक थेंब सांडला नाही. टोपातला रस खाली खाली जात होता. दादाने खुडलेले सगळे आंबे त्यात होते. त्यानंतर त्याने काहीच खुडलं नव्हतं.

"भरा," मी म्हटलं.

"हं?"

"आमची पण भरा. पण सांगून ठेवतो, ही मी उघडणार नाही. गौरीला नाही, कधीच नाही. दादाच्या हातचं आहे आत. फळीवर ठेवीन. कोणी हात लावला तर हात मोडीन."

"तुझ्या आईने लावला तर?"

"तुम्ही भरा हो!"

त्यांनी भरली.

आता बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या होत्या. दुसऱ्या चुलीवर हंडा होता, तळाला गोणपाट घातलेलं. बाटलीला थेट आच लागू नये म्हणून.

"झाकणं लाव," बुवा म्हणाले. "घट्ट लाव आणि अर्धा फेरा मागे घे. आतली वाफ निघायला हवी. बाहेर काढल्यावर मग आवळायची."

मी एकेक झाकण लावत गेलो. घट्ट, आणि अर्धा फेरा मागे. घट्ट, आणि अर्धा फेरा मागे. तात्या गावकरांच्या बाटलीलाही तसंच केलं. तिच्यात थुंकावंसं वाटलं होतं.

शेवटची आमची.

मी झाकण लावलं. आवळलं. फडकं घेऊन पुन्हा आवळलं. तळव्याला वळ उठेपर्यंत आवळलं. यातलं काही बाहेर जाणार नव्हतं. वाफसुद्धा नाही. सगळं गेलंच होतं, एवढं तरी राहू दे.

बुवा बघत होते. त्यांनी तोंड उघडलं…

आणि मिटलं.

मी बाटली हंड्यात ठेवली. ते मुकाट्याने चुलीत लाकूड सारत राहिले.

आम्ही दोघं हंड्याशी बसलो. पाणी गुडगुडायला लागलं. झाकणांखालून बारीक बारीक बुडबुडे येत होते. आमच्या बाटलीतून काही येत नव्हतं.

"बघा," मी म्हटलं, "कशी गप्प बसलीय."

मग हंड्यात धपकन आवाज झाला. गोणीत नारळ पडावा तसा. पाणी उसळलं. मी मागे सरलो. पुन्हा पुढे येऊन पाहिलं, तेव्हा पाणी पिवळं झालं होतं आणि त्यात काचा फिरत होत्या.

बाकीच्या सगळ्या बाटल्या जागच्या जागी उभ्या होत्या.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईवरून बोललो. मठावरून बोललो. मठाच्या देवालाही सोडलं नाही. शेजारच्या आवाठातल्या घरांची कुत्री भुंकायला लागली.

"तुम्ही बघितलंत!" मी ओरडलो. "मी आवळत होतो ते बघितलंत तुम्ही! तोंड उघडलं होतंत!"

"हो."

"मग बोलला का नाहीत? अडवलं का नाहीत मला?"

बुवा ओट्यावर बसले. बसताना त्यांनी हात टेकला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"तो उतरला होता, काशीराम," ते म्हणाले.

"कोण?"

"अनंता. खाली उतरला होता. पाट्या भरल्या होत्या. पाय धुतले होते त्याने."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय.

"मग त्याने बाटल्यांकडे बघितलं. म्हणाला, बुवा, सगळ्यांच्या भरतील, आमची राहील. आपली बाटली तो नेहमी शेवटी ठेवायचा. म्हणाला, अजून एक पाटी काढतो."

मी डाव उचलला.

"मी हो म्हटलं."

चुलीत लाकूड फुटलं. हंड्यातलं पिवळं पाणी उकळतच होतं.

"त्याचे पाय ओले होते. मला दिसत होते." बुवांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. "पण तो हसत होता. आणि तू आत्ता रडत होतास. मला दोघांनाही नाही म्हणवलं नाही."

त्यांनी चेहऱ्यावरून पंचा फिरवला.

"दोन्ही वेळा चुकलो."

मी घरून निघालो तो हेच ऐकायला. चूक तुमची, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, वाडीला ऐकवायचं, मग शांत झोपायचं. आता ऐकलं… आणि ते घेऊन कुठे जायचं ते मला कळेना. डाव माझ्या हातात होता. कशाला होता तेही कळेना.

बुवा उठले. चिमट्याने त्यांनी हंड्यातून एक काच काढली. मग दुसरी. मग आमच्या बाटलीचा गळा निघाला. वर झाकण तसंच घट्ट, खाली काही नाही. गळ्यात हिरवी चिंधी.

त्यांनी चिंधी फुटक्या बाजूने हलकेच खाली सरकवून काढली. गाठ सोडली नाही. पिळली, झटकली, ओट्यावर उन्हात ठेवली.

मग ते आत गेले आणि देव्हाऱ्याजवळची बाटली घेऊन आले. तिच्या गळ्यात काही नव्हतं. ती देवाच्या नैवेद्याची. ती ते सगळ्यांत आधी भरून ठेवतात. टोपात आता बुडाला चिकटलेला रस तेवढा उरला होता.

"ही देवाची आहे," मी म्हटलं.

"हो."

"मग देवाला?"

"यंदा नाही."

"चालेल त्याला?"

"तू मघाशी त्याला जे बोललास ते चाललं ना? हेही चालेल."

त्यांनी दादाची चिंधी त्या बाटलीच्या गळ्यात वरून घातली. बाटली अंगाने बारीक होती, चिंधी सैल बसली. पण बसली.

बाटली त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि हंड्यात ताजं पाणी भरायला वळले. माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम.

मी झाकण लावलं. आवळलं. हात तिथेच थांबला.

मग मी अर्धा फेरा मागे घेतला.

पाणी पुन्हा उकळलं. यावेळी बुडबुडे आले. बाटल्या बाहेर काढून लाकडी फळीवर मांडल्या आणि एकेकीचं झाकण आवळलं. आमचं बुवांनी मला आवळू दिलं.

उन्हं उतरली तेव्हा मी बाटली पंच्यात गुंडाळली. रस अजून कोमट होता. काखेत धरल्यावर कळत होतं.

"पुढच्या वर्षी मी त्या झाडावर चढणार नाही," मी म्हटलं.

"नको चढूस."

"मठातही पाऊल ठेवणार नाही."

"नको ठेवूस."

"आणि तुम्हाला मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

मला आणखी काहीतरी कडक बोलायचं होतं. सुचलं नाही. मी तसाच चालू लागलो. शेंदऱ्याखालून जाताना बुंध्याकडे बघायचं टाळलं, पण ते दोन घाव दिसलेच.

फाटक ओढून घेतलं तेव्हा मागून बुवांचा आवाज आला. मोठा नव्हता.

"काशीराम."

मी थांबलो. वळलो नाही.

"तू येऊ नकोस… पण बाटली पाठव. रिकामी."